मागच्या दाराची दोन वर्षं

२०२०च्या उन्हाळ्यात अख्खा देश प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे लागला होता. आयुष मंत्रालयाचा काढा, हळदीचं दूध, गुळवेल, च्यवनप्राश. आमच्या गल्लीत तर होमिओपॅथीच्या 'आर्सेनिक अल्बम'च्या बाटल्या घरपोच आल्या. आणि मी सकाळी नऊ आणि रात्री नऊला, घड्याळाकडे बघून, प्रतिकारशक्ती दाबून ठेवायच्या गोळ्या घेत होते.

२०१६ साली माझं किडनी ट्रान्सप्लांट झालं. डोनर माझी आई. आईची असली तरी माझ्या शरीराच्या लेखी ती किडनी परकीच, आणि परकं काही आत आलं की पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडणार. त्यांना आवरायला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड. किडनी चालेल तोवर, रोज. अडचण अशी की आवरलेल्या पेशी विषाणू आला तरी आवरलेल्याच राहतात.

सासूबाईंना हे पटवणं हे त्या उन्हाळ्यातलं पहिलं मोठं काम. त्यांनी परड्यातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल तोडून आणली, काढा उकळला आणि सगळ्यांत मोठा पेला माझ्यापुढे ठेवला. "तुझीच तर शक्ती कमी आहे, मग तुलाच जास्त द्यायला नको का?" तर्क बिनतोड होता. शेवटी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आजी, हिच्या पेशी जाग्या झाल्या तर त्या आधी किडनीवरच जातील." त्यानंतर मला नुसता आल्याचा चहा मिळू लागला. पुढे २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा ती बातमी मी मुद्दाम त्यांना वाचून दाखवली. "कडुनिंबावरची वेगळी असते," एवढंच म्हणाल्या.

आम्ही कराडला राहतो. हे महावितरणमध्ये, म्हणजे लॉकडाऊन यांना कधी नव्हताच. उलट सगळं गाव घरात बसल्यावर पाच मिनिटं वीज गेली तरी फोन सुरू. मुलगा तेव्हा दहावीचा, भूगोलाचा पेपर तेवढा राहिलेला. मुलगी पाचवीत. २३ मार्चचा तो पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीवर मार्क मिळाले. त्यानं वर्षभर नकाशे गिरवले होते. तो पेपर झाला नाही याचं दुःख झालेला राज्यातला तो एकटाच मुलगा असावा.

२४ तारखेला रात्री आठच्या भाषणानंतर आम्ही स्वयंपाकघरात बसून नियम ठरवले. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, गुढीच्या काठीला तेल लावायचं सोडून हे काम. खरं तर आम्हाला यातलं काहीच नवीन नव्हतं. ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले सहा महिने आमच्याकडे मास्क होता, उकळलेलं पाणी होतं, कच्ची कोशिंबीर बंद होती, भेटायला येणारे ओटीवरूनच परत जात. टीव्हीवर हात धुवायचं प्रात्यक्षिक दाखवायला लागले तेव्हा धाकटी म्हणाली, "हे तर आपल्याला आधीपासूनच येतं." पण तेव्हा आणि आता यात फरक होता. तेव्हा मी एकटीनं जपायचं होतं, बाकीच्यांनी शाळा-ऑफिस करायचं होतं. आता घरातल्या कुणाच्याही श्वासातून ते माझ्यापर्यंत येऊ शकत होतं. म्हणजे जपायचं होतं मला, आणि पथ्य सगळ्यांना.

नियम असे ठरले. पुढचं दार बंद. आत यायचं ते परड्यातून, मागच्या दारानं. मोरीत आंघोळ, कपडे तिथेच गरम पाण्याच्या बादलीत, मगच घरात पाऊल. भाजी आली की मिठाच्या पाण्यात. (पहिल्या दोन-तीन महिन्यांत आम्ही दुधाच्या पिशव्याही साबणानं धुतल्या. आता हसू येतं, पण तेव्हा हसण्याइतकं कुणालाच काही माहीत नव्हतं.) आणि यांनी माडीवरच्या खोलीत झोपायचं, बाहेरच्या जिन्यानं वर जायचं. "थोडे दिवस," असं आम्ही मुलांना सांगितलं.

ते थोडे दिवस मध्ये मध्ये सुटत, पुन्हा सुरू होत, जवळजवळ दोन वर्षं चालले. माझं ताट वाढून झालं की त्यांचं ताट जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायचं, मी खाली ओट्याशी, ते वर पायरीवर. गप्पा तशाच. पगार, गॅस, मुलाचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म, सगळं त्या जिन्यावर बोललो. भांडणंही तिथेच, आणि जिन्यावरचं भांडण शेजारच्यांना सगळं ऐकू जातं, म्हणून दबक्या आवाजात. रात्री वरून खोकल्याचा आवाज आला की मी पुढच्या खोकल्याची वाट बघत जागी राहायची. दुसरा आला नाही तरी झोप लागायची नाही.

मरणाची भीती वाटायची का, असं मला बरेच जण विचारतात. वाटायची, पण ती कधीतरी. रोजचा त्रास वेगळा होता. मुलगा गच्चीत उभा राहायचा. जूनमध्ये 'मिशन बिगिन अगेन', म्हणजे लॉकडाऊन टप्प्याटप्प्यानं उठवणं, सुरू झालं आणि हळूहळू त्याचे मित्र संध्याकाळी बॅट घेऊन बाहेर पडू लागले, प्रीतिसंगमाकडे फेऱ्या मारू लागले. त्याला बंदी. तो वाद घालायचा नाही, हेच जड जायचं. एकदाच म्हणाला, "आई, सगळे खेळतायत. कुणालाच काही झालं नाही." खरंच कुणाला काही झालं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना होतही नव्हतं. त्याला दिसणारं सगळं त्याच्या बाजूनं होतं आणि माझ्या बाजूनं होती ती फक्त मी. मी काही न बोलता कणीक मळत राहिले.

सासूबाईंनी भजनी मंडळ सोडलं. धाकटीच्या मैत्रिणी फाटकाशी येऊन हाका मारायच्या, ही आतून बोलायची. प्रत्येक 'नाही'च्या शेवटी माझं नाव. कुणी बोलून दाखवायचं नाही, पण मला ते ऐकू यायचं. डायलिसिसवर होते तेव्हा मी आजारी होते, लोकांनी माझं करणं मला चालायचं. आता मी धडधाकट होते, स्वयंपाक करत होते, पापड लाटत होते, आणि तरी पाच माणसांचं घर माझ्याभोवती आवळलेलं. याचा राग यायचा. तो कुणावर काढायचा हे कळत नसल्यामुळे बहुतेक वेळा भांड्यांवर निघायचा.

औषधांचं वेगळंच प्रकरण. टॅक्रोलिमस आमच्याकडे कुठल्याही दुकानात सहज मिळणारं औषध नाही. एरवी मी पुण्याहून एकदम मागवायची. लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात कुरिअर बंद, एसटी बंद, म्हणजे एसटीतून येणारं पार्सलही बंद. घरात जेमतेम एप्रिल निघेल एवढा साठा. ट्रान्सप्लांटवाल्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी सुप्रभात आणि वाढदिवसांचा, तो तेव्हा खरा कामाला आला. कुणाकडे कुठली मात्रा जास्तीची आहे, कुठल्या दुकानात काय शिल्लक आहे, याच्या याद्या फिरू लागल्या. माझ्या गोळ्या पुण्याहून आणल्या त्या दूध टाकून परतणाऱ्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं. त्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "वैनी, पुढच्या बारीला आदल्या दिवशी सांगा म्हंजे झालं." पुढच्या खेपेचंही त्यानंच केलं.

पण गोळ्या आल्या त्या दुसऱ्या कंपनीच्या. ऐकणाऱ्याला वाटेल, औषध तेच, मग काय बिघडलं? टॅक्रोलिमसमध्ये बिघडू शकतं. रक्तातलं प्रमाण थोडं कमी पडलं तर रिजेक्शन, म्हणजे शरीर ती किडनीच नाकारतं, जास्त झालं तर तेच औषध किडनीला बाधतं, हाताला कंप सुटतो. म्हणून ब्रँड बदलला की लेव्हल तपासायची. सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं आणि मग लगेच गोळी घ्यायची. रक्त कराडला घेतलं जातं, तपासणी मोठ्या शहरात, आणि नमुना घेऊन जाणारी गाडी बंद. डॉक्टर फोनवर म्हणाले, इकडेच या. मग ई-पास. डॉक्टरांचं पत्र, आधार, गाडीचा नंबर, सगळं अपलोड करून पास आला. खंबाटकीचा बोगदा एवढा रिकामा मी कधीच पाहिला नव्हता. खेड शिवापूरला पोलिसांनी पास पाहिला, मास्कवरचे माझे डोळे पाहिले आणि "पेशंट कोण?" असं विचारलं. गाडी चालवत होते हे, रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. मी म्हटलं, "मी." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

लेव्हल थोडी कमी निघाली, डोस वाढवला, पुन्हा तपासणी. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी थकली की रक्तात वाढतं ते, जागेवर होतं. ग्रुपमधल्या सगळ्यांचं इतकं सरळ झालं नाही. एका काकांचं ट्रान्सप्लांट त्याच एप्रिलमध्ये ठरलेलं, डोनर त्यांची बायको, कमिटीची परवानगीसुद्धा झालेली. ऑपरेशनं थांबली. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागायचं आणि मध्येच सेंटर बंद पडलं की दुसरीकडे कोविडचा रिपोर्ट असल्याशिवाय आत घेत नसत. रिपोर्ट यायला दोन दिवस, आणि दोन दिवसांत शरीरात पाणी साठतं. काका पावसाळ्यात गेले. कोरोनानं नाही. त्यांच्या मृत्यूची नोंद कोरोनाच्या कुठल्याच आकड्यात झाली नसणार.

आईला मी वर्षभरावर प्रत्यक्ष पाहिलं नाही. ती पाटण तालुक्यात, भावाकडे. तिला एकच किडनी, वय साठीच्या पुढे, म्हणून मला तिची काळजी. दुसरी माझ्याकडे, म्हणून तिला माझी. रोज संध्याकाळी फोन. पहिला प्रश्न ठरलेला: "काय म्हणतीया माझी किडनी?"

"बरी हाय. पाणी पितीया."

"न्हाय, तिला सवं हाय उन्हातान्हात फिरायची. घरात कोंडून घातलीस व्हय तिला?"

मग तिच्याकडची कथा. भात लावायला बायका मिळत नाहीत, मुंबईवाले गावात आलेत, त्यांना शाळेत ठेवलंय. शाळेतल्या क्वारंटाइनमधल्या पोरांना ही कुंपणावरून करवंदं देऊन आली हे ऐकल्यावर मी फोनवरच ओरडले. ती म्हणाली, "लांबनं दिली गं." सासूबाई बाजूला बसून ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "मला काढा करू देत नाहीस आणि तुझी आई करवंदं वाटत फिरते."

जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे विजेचे खांब आडवे झालेले, बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं पाठवली, त्यात हेही गेले. परत आल्यावर सरळ माडीवर. ते तिकडे होते त्या दिवसांत मी निवांत झोपले हे सांगायला मला आता संकोच वाटत नाही. नवरा संकटात आणि घर सुरक्षित, दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

लस आली तेव्हा पहिल्यांदा यादीत माझं नाव लवकर लागलं. १ मार्च २०२१पासून साठीच्या पुढच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या जोखमीच्या आजारांवाल्यांना लस सुरू झाली आणि त्या वीस आजारांत किडनी ट्रान्सप्लांट होतं. डॉक्टरांच्या सहीचं प्रमाणपत्र घेऊन मी रांगेत उभी राहिले. आजूबाजूला सगळे सत्तरीचे, एक आजोबा म्हणाले, "बाळ, तू कशी काय?" बाळ म्हणवून घ्यायला मी शेहेचाळीसची होते.

डॉक्टरांनी मात्र आधीच पाय जमिनीवर आणले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासाची बातमी नुकतीच आली होती. तिकडच्या एमआरएनए लशीच्या पहिल्या डोसनंतर ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी फक्त १७ टक्के लोकांत अँटिबॉडी दिसल्या, पुढे दोन डोसनंतर ५४ टक्क्यांत. आपल्याला मिळत होती ती कोव्हिशील्ड, लस वेगळी, पण गोळ्या त्याच. "लस घ्या आणि घेतलीच नाही असं समजून वागा," असं डॉक्टरांचं म्हणणं. घरी आल्यावर मुलानं विचारलं, "म्हणजे आता?" त्याला बॅट दिसत होती. मी डॉक्टरांचं वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि हे पॉझिटिव्ह आले. ताप, मग ऑक्सिमीटरवर ९३, ९२. जिन्याच्या पायरीवर मी ठेवलेलं ताट तसंच राहायला लागलं. बेडसाठी त्यांच्या ऑफिसातल्या माणसांनी इतके फोन केले की शेवटी एक मिळाला. घरून मदतीला कोण जाणार? मी जायचा प्रश्नच नव्हता, सासूबाई सत्तरीच्या. मग सोळा वर्षांचा मुलगा. ज्याला वर्षभर मी क्रिकेटला जाऊ दिलं नव्हतं, तो पोरगा रोज डबा घेऊन कोविड हॉस्पिटलच्या फाटकाशी जायचा, रेमडेसिव्हिरच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानं पालथी घालायचा आणि संध्याकाळी मागच्या दारानं मोरीत, तिथून थेट माडीवर. बापाच्या जागी तोच जिन्यावर जेवायला बसू लागला. आवाज फुटलेला, मिसरूड आलेलं. "बाबांनी आज पोळी अर्धी खाल्ली," असे अहवाल द्यायचा.

हे बरे होऊन आले. घरात दुसऱ्या कुणालाही झालं नाही, म्हणजे जिना, मोरी, बादली हे सगळं कामी आलं होतं. माझा दुसरा डोस मात्र त्या गोंधळात लांबला. आधी लशीचा तुटवडा, मग मे महिन्यात दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. जूनमध्ये मिळाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२१मध्येच आमच्यासारख्यांना तिसऱ्या डोसची परवानगी मिळाली. आपल्याकडे जानेवारी २०२२मध्ये तो सुरू झाला तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि साठीपुढचे आजारी यांच्यासाठी. मी साठीची नव्हते. माझ्या वयाला तो १० एप्रिलपासून, तोही खासगीत विकत.

त्याच्या आधीच मला कोरोना होऊन गेला. डिसेंबरमध्ये धाकटीची शाळा उघडली, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला सर्दी-ताप, तीन दिवसांनी मला. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षं एवढा खटाटोप केला ती शेवटी झाली आणि सांगण्यासारखं फार काही निघालं नाही. मायकोफेनोलेट थांबवलं, स्टेरॉइड वाढवलं, तीन दिवस सलाइनमधून रेमडेसिव्हिर घेतलं, थकवा महिनाभर. क्रिएटिनिन १.३चं १.६ झालं, मग १.४वर येऊन थांबलं. ओमायक्रॉन होता, दोन डोस झाले होते. एप्रिल २०२१मध्ये झालं असतं तर हे लिहायला मी असते असं नाही.

अवघड झालं ते धाकटीचं. तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. दाराशी येऊन उभी राहायची, मी हाक मारली की पळायची. शेवटी आजीला म्हणाली, "माझ्यामुळे आईची किडनी जाणार." सासूबाईंनी येऊन सांगितलं तेव्हा मी हबकले, कारण अगदी हेच वाक्य उलट्या बाजूनं मी दोन वर्षं मनात घोळवत होते. मी तिला दाराबाहेर बसवलं, मी आत पलंगावर, आणि रिपोर्ट वाचायला शिकवलं. क्रिएटिनिन म्हणजे काय, किती असलं की काळजी, लेव्हल कुठे बघायची. तोवर आम्ही मुलांना फक्त 'करू नका' एवढंच सांगत आलो होतो, आकडे कधी दाखवलेच नव्हते. आता माझे रिपोर्ट आले की पहिल्यांदा तीच उघडते आणि जेवताना मोठ्यानं वाचते.

मुलगा बारावी झाला. पुण्यात प्रवेश मिळत होता आणि तो म्हणाला, कराडलाच घेतो, हॉस्टेलवरून येऊन-जाऊन तुला काही व्हायला नको. इतकं समजूतदारपणे म्हणाला की माझ्या पोटात कालवलं. यांना पटत होतं, सासूबाईंना तर फारच. मी नाही म्हटलं. त्या रात्री जिन्यावर नाही, ओटीवर बसून सगळे मोठ्यानं भांडलो. तिसरा डोस झालाय, मास्क माझ्या तोंडावर आहे, बाजारात आता कुणी घालत नसलं तरी मी घालते, तेवढी जोखीम माझी मला घेऊ दे. तुमच्या नावावर ती आणखी किती वर्षं ठेवायची? हे म्हणाले, "आणि काही झालं तर?" मी म्हटलं, "तर होईल."

तो गेला. सुट्टीला येतो तेव्हा फाटकाशी थांबून स्वतःच घसा खाकरून बघतो. सर्दी असली तर माडीवर. पुढचं दार उघडलंय. आई पाटणहून येऊन चार दिवस राहून जाते, सोबत तांदूळ, आणि किडनीची चौकशी. घरात कुणी शिंकलं की शिंकणारा आपणहून मास्क लावतो, सांगावं लागत नाही. सासूबाई सोडून. त्यांचं म्हणणं, त्यांची शिंक तपकिरीची असते, ती काय लागत नाही. तपकीर त्यांनी सोडून दहा वर्षं झाली. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.